एकाच कुटाराचे दोन लॅबमध्ये गॅसचे दोन आकडे. कोणता धरायचा?

चारा_पीएचडी_नागपूर

नमस्कार. मी नागपुरात पशुपोषणात पीएचडी करते आहे. विषय आपल्याकडचा सुका चारा: सोयाबीनचं आणि तुरीचं कुटार (मळणीनंतर उरणाऱ्या काड्या, टरफलं, भुसा), भंडारा-गोंदियाकडचं धानाचं तणस, आणि तुलनेला मक्याचा भरडा. रुमेनमध्ये, म्हणजे गुरांच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात, हा चारा किती आंबतो ते गॅस प्रॉडक्शनने, म्हणजे आंबताना निघणाऱ्या गॅसवरून, मोजते. पद्धत काचेच्या सिरिंजची, नेहमीचीच. १ मिमी चाळणीतून दळलेला नमुना, २०० मिलिग्रॅम ड्राय मॅटर (पाणी सोडून उरलेला भाग), एक भाग रुमेन लिकर (रुमेनमधला जिवाणू असलेला द्रव) आणि दोन भाग बफर (आम्लता सांभाळणारं द्रावण) असं मिळून ३० मिली, ३९ अंश सेल्सिअस, २४ तासांनी रीडिंग, ब्लँक (नमुना न घातलेली सिरिंज) वजा.

समितीने सुचवलं की एखाद्या बाहेरच्या लॅबकडून पडताळून घ्या. म्हणून काही नमुने दुसऱ्या राज्यातल्या एका लॅबला पाठवले. रिपोर्ट आला आणि मी चक्रावले. सोयाबीन कुटार आमच्याकडे २८ मिली, त्यांच्याकडे ३६. तणस आमच्याकडे २२, त्यांच्याकडे ३०. मका आमच्याकडे ६६, त्यांच्याकडे ७१. दोन्हीकडे प्रत्येक नमुन्याच्या तीन सिरिंज होत्या आणि त्या तिघींत जेमतेम एका मिलीचा फरक. म्हणजे काम कोणाचंच ढिसाळ नाही.

गाईड म्हणतात, आपल्या लॅबचे आकडे ठेव आणि पुढे चल. पण मला हे तक्ते नंतर जिल्ह्यातल्या दूध उत्पादकांना द्यायचे आहेत. चुकीचा आकडा त्यांच्या हातात जाऊ नये असं मनापासून वाटतं. बरोबर कोणाचं धरायचं?

वर्ध्याचा_विस्तार_अधिकारी

मॅडम, दोन्हींची सरासरी घ्या आणि खाली टीप टाका. ३२ मिली. थिसिसला तेवढं पुरतं.

सिरिंज_आणि_थर्मास

सरासरी नको. फरक कशामुळे पडला ते कळण्याआधी काढलेली सरासरी म्हणजे तिसराच आकडा, जो कुठल्याही लॅबमध्ये कोणी मोजलेला नाही.

ताई, मी पशुपोषणाच्या लॅबमध्येच नोकरी केली, आता निवृत्त आहे. तुमचा प्रश्न मला फार जवळचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी त्या तीन सिरिंजचं बघू. त्या तिघींत एकाच दिवशी काढलेलं, एकाच थर्मासमधलं लिकर होतं. त्यांचे आकडे जुळले यावरून इतकंच कळतं की वजन नीट झालं, पिस्टन अडकला नाही आणि बाथचं तापमान सारखं राहिलं. लिकर चांगलं होतं की मरगळलेलं, हे त्या तिघी सांगूच शकत नाहीत, कारण ते तिघींत सारखंच होतं. आयएसओ ५७२५ या मोजमापांच्या अचूकतेच्या आंतरराष्ट्रीय मानकात या दोन गोष्टी मुद्दाम वेगळ्या ठेवल्या आहेत: एकाच लॅबमध्ये, त्याच माणसाने, त्याच दिवशी केलेल्या मोजमापांत किती फरक पडतो, आणि लॅब बदलली की किती पडतो. दुसरा फरक नेहमीच पहिल्यापेक्षा मोठा असतो. आपल्या कामात तो फारच मोठा असतो, कारण आपलं मुख्य रसायन जिवंत आहे. प्रोटीन काढताना सल्फ्युरिक ॲसिड बाटलीतून घेतो, ते इथेही तेच आणि तिथेही तेच. रुमेन लिकर मात्र त्या जनावराचं, त्या दिवसाचं आणि त्याने खाल्लेल्या चाऱ्याचं असतं.

तेव्हा मला या गोष्टी कळवा. तुमचं लिकर कुठलं? फिस्टुला केलेल्या (रुमेनपर्यंत कायमचं छिद्र ठेवलेल्या) बैलाचं की कत्तलखान्यातलं? जनावराला काय खायला होतं, लिकर खाण्याआधी काढलं की नंतर? गाळलं कसं? लॅबपर्यंत यायला किती वेळ लागला? नमुना तुम्ही दळून पाठवला की त्यांनी दळला? स्टँडर्ड गवत (ज्याचा गॅसचा आकडा आधीच ठाऊक आहे असं गवत) लावलं होतं का? आणि जरा विचित्र वाटेल, पण त्यांची लॅब समुद्रसपाटीपासून किती उंचीवर आहे?

चारा_पीएचडी_नागपूर

सर, खूप आभार. त्यांना फोन केला, त्यांनी सगळं मोकळेपणाने सांगितलं.

आमच्याकडे सध्या फिस्टुला केलेलं जनावर नाही. लिकर कत्तलखान्यातून आणतो, म्हशीचं. पोट उघडल्यावर पातळ भाग थर्मासमध्ये भरून घेतो, लॅबमध्ये येऊन मलमलीतून गाळतो. त्यांच्याकडे दोन संकरित बैल आहेत, ठरलेल्या रेशनवर, आणि सकाळी वैरण घालायच्या आधी दोघांचं लिकर काढून एकत्र करतात. लॅब गोठ्याला लागूनच. नमुने न दळता पाठवले होते, कारण त्यांची अटच तशी आहे, दळण त्यांच्या गिरणीवरच होतं. स्टँडर्ड गवत दोघांकडेही नव्हतं. उंची त्यांनी अंदाजे ९०० मीटर सांगितली. सर, उंचीचा गॅसशी काय संबंध?

सिरिंज_आणि_थर्मास

संबंध सरळ आहे. सिरिंजचा पिस्टन बाहेरच्या हवेला ढकलत वर जातो. नागपूर ३१० मीटरवर. इथे हवेचा दाब साधारण ९७-९८ किलोपास्कल, ९०० मीटरवर तो ९१ च्या आसपास. गॅसचे रेणू तेवढेच असले तरी तिथे ते जास्त जागा घेतात. सिरिंजमधल्या पाण्याच्या वाफेचा हिशेब धरला तर हा फरक सात-आठ टक्क्यांचा होतो.

आता तुमचा मका घ्या. ६६ मध्ये साडेसात टक्के मिळवले की ७१ येतात. म्हणजे मक्याच्या बाबतीत तुमच्या दोन्ही लॅबमध्ये भांडण नाहीच. फरक हवेच्या दाबाचा आहे.

पण कुटाराला हा हिशेब लावला तर २८ चे ३० होतात आणि त्यांचे आहेत ३६. तणसाचे २२ चे साडेतेवीस-चोवीस, आणि त्यांचे ३०. दोन्हीकडे सहा-सहा मिली शिल्लक राहतात. स्टार्च दोन्ही लॅबमध्ये सारखा आंबतो आणि रेशा (चाऱ्यातला तंतुमय भाग) मात्र तुमच्याकडे कमी आंबतो. तुमच्या रिपोर्टमधली माझ्या मते सगळ्यात मोलाची माहिती हीच आहे आणि ती तुम्ही स्वतःच मोजली आहे.

रुमेनमध्ये वर चाऱ्याचा जाड थर तरंगत असतो आणि खाली पातळ द्रव. रेशा फोडणारे जिवाणू, फायब्रोबॅक्टर, रुमिनोकॉकस वगैरे, बहुतांश त्या थरातल्या काड्यांना चिकटून बसलेले असतात. वरवर पातळ भाग भरून घेतला की स्टार्च-साखरेवर जगणारे भरपूर येतात आणि काड्यांवरचे मागेच राहतात. आमच्याकडे बैल होता तेव्हा लिकर काढायची पद्धत अशी होती: कोपरापर्यंत हात घालून थराच्या आतून, दोन-तीन वेगवेगळ्या जागांवरून चारा काढायचा, चौपदरी मलमलीत मूठभर धरायचा आणि चांगला पिळायचा. हिरवट-तपकिरी, फेस असलेलं घट्ट पाणी येतं, त्यात बारीक कण दिसतात. त्या कणांना घाबरू नका, आपल्याला हवे ते जिवाणू त्यांनाच धरून असतात. थर्मास आधी ३९-४० अंशाच्या पाण्याने भरून ठेवायचा, लिकर ओतायच्या क्षणी ते पाणी फेकायचं आणि थर्मास काठोकाठ भरायचा, वर हवा राहता कामा नये. लॅबमध्ये आल्यावर सगळं काम कार्बन डायऑक्साइड सोडत करायचं. मीडियातलं (बफरच्या मिश्रणातलं) रिझाझुरिन, म्हणजे ऑक्सिजन आहे का ते दाखवणारा रंग, निळ्याचं गुलाबी होऊन पूर्ण बिनरंगी झालं की मगच लिकर मिसळायचं. गुलाबी झाक दिसत असताना घाई केली तर ऑक्सिजन शिल्लक असतो, आणि रेशा फोडणारे त्यात पहिले मरतात.

कत्तलखान्यातल्या लिकरची आणखी एक अडचण आहे. जनावर कापण्याआधी बराच वेळ उपाशी असतं आणि त्याने आधी काय खाल्लं ते कोणालाच सांगता येत नाही. महाराष्ट्रात २०१५ पासून बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी आहे, त्यामुळे मोठ्या जनावराचं लिकर म्हशी-रेड्याचंच मिळणार. तुमचं म्हशीचं आणि त्यांचं संकरित बैलाचं, हा फरकही आहेच, पण माझा पहिला संशय म्हशीवर नाही. उपाशी पोट, वरवरचा पातळ भाग आणि वाटेत गेलेला वेळ, या तिन्हींवर आहे.

आणि अमोनियम बायकार्बोनेटची बाटली बघा. मेंकेच्या (ही सिरिंजची पद्धत ज्यांच्या नावाने ओळखली जाते त्यांच्या) बफरमध्ये लिटरला ३५ ग्रॅम सोडियम बायकार्बोनेट आणि ४ ग्रॅम अमोनियम बायकार्बोनेट असतं. दुसरं ३६ अंशाच्या वर हळूहळू विघटित होतं, अमोनिया उडून जातो. आपल्याकडे मे महिन्यात ४५ अंश असताना बंद स्टोअर रूममध्ये त्या बाटलीचं काय होत असेल विचार करा. झाकण उघडल्यावर नाकात झणझणीत वास आला तर बाटली बदला. तणसात नत्र आधीच नावालाच असतं, जिवाणूंना बफरमधूनही मिळालं नाही तर रेशा पचायचा कसा? मक्याला ही उणीव इतकी जाणवत नाही.

बुटीबोरी_क्यूसी

मी पशुखाद्याच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोल बघतो. सरांचं पटलं, माझ्या बाजूने थोडी भर घालतो.

दोनच लॅब असतील तर बरोबर कोण हे संख्याशास्त्राने ठरवता येत नाही. त्यासाठी सात-आठ तरी लॅबना एकच नमुना पाठवावा लागतो. सगळ्यांच्या निकालांतून एक ठरलेली किंमत काढतात आणि तुमचा निकाल तिच्यापासून किती लांब आहे ते ठरलेल्या प्रमाण विचलनाने भागून झेड स्कोअर काढतात. दोनच्या आत असला तर ठीक, दोन ते तीन म्हणजे लक्ष घाला, तीन किंवा त्यावर गेला तर काम थांबवून कारण शोधा. आम्ही प्रोटीन, फॅट, अफ्लाटॉक्सिन यांच्या अशा चाचण्यांत नियमित भाग घेतो. पण तिथेही पहिली अट हीच असते की प्रत्येक लॅबकडे गेलेली बाटली खरोखर सारखी हवी. त्यासाठी बाटल्या पाठवायच्या आधी त्यातल्या दहा उचलून प्रत्येकीतून दोन-दोन वेळा तपासतात. मॅडमनी न दळलेलं कुटार पाठवलं. मग दोन लॅबनी एकच नमुना मोजला असं मला तरी म्हणवत नाही. १ मिमीची चाळणी दोघांकडे असली तरी गिरणी वेगळी असली की पिठाचा बारीकपणा वेगळा येतो.

दुसरं म्हणजे तीन सिरिंज ही एकच नोंद धरा. वेगळ्या दिवशी, नव्या लिकरने पुन्हा केलं तर ती दुसरी नोंद. तुमच्या तक्त्यात प्लस-मायनसचा आकडा सिरिंजमधला असेल तर तो फसवा आहे, तो रन-रनमधला (वेगवेगळ्या दिवशी केलेल्या चाचण्यांमधला) हवा.

हिंगण्याचा_दूधवाला

मॅडम, मी शिकलेला कमी, पण कुटार रोज हाताळतो. कुटाराच्या पोत्यात वरून घेतलं तर शेंगांची टरफलं येतात, खालून घेतलं तर बारीक भुसा आणि माती. मधल्या जाड काड्या गाय तोंडानं बाजूला सारते. तुम्ही दोघांना दिलं ते पोत्याच्या एकाच जागेवरचं होतं का?

आणि मला एक समजावून सांगा. २८ काय आणि ३६ काय, माझ्या गोठ्यात त्यानं काय फरक पडते?

सिरिंज_आणि_थर्मास

भाऊ, तुमचा पहिला प्रश्न फार नेमका आहे. टरफल आणि काडी यांची पचनीयता सारखी नसते. एका लॅबच्या पुडीत टरफलं जास्त गेली असतील तर काही मिली तिथेच पडले. ताई, सगळं कुटार ताडपत्रीवर पसरा, मिसळा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन ठेवा, पुन्हा मिसळा. हव्या तेवढ्या वजनावर आलं की सगळं एकदम एकाच गिरणीत दळून घ्या आणि मग दोन्हीकडे त्याच पिठातलं पाठवा. त्या लॅबची अट असली तरी विनंती करा, कारण सांगितलं की लोक ऐकतात.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पैशातच आहे. गॅसच्या आकड्यावरून चाऱ्यातली ऊर्जा काढतात. मेंके आणि स्टाइनगास यांनी १९८८ मध्ये दिलेल्या समीकरणात वैरणीसाठी २.२० मध्ये गॅसच्या ०.१३६ पट आणि प्रोटीनच्या टक्क्याच्या ०.०५७ पट मिळवतात, म्हणजे एका किलो ड्राय मॅटरमागे मेगाज्यूल. गॅसमध्ये ८ मिलीचा फरक म्हणजे किलोमागे जवळपास १.१ मेगाज्यूल. गाईने दिवसाला पाच किलो कुटार खाल्लं तर साडेपाच मेगाज्यूल. चार फॅटचं एक लिटर दूध तयार व्हायला साधारण पाच मेगाज्यूल लागतात. म्हणजे एका लॅबचा तक्ता मानला तर गायीला कुटारातूनच एका लिटरची जास्त ऊर्जा मिळते, दुसऱ्याचा मानला तर तेवढ्यासाठी ढेप विकत आणावी लागते. ढेपेचा आजचा भाव तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला माहीत. म्हणूनच ताईंनी हा प्रश्न सोडून दिला नाही हे मला फार आवडलं.

चारा_पीएचडी_नागपूर

दादा, नाही, एकाच जागेवरचं नव्हतं. पुड्या पोत्यातून लागोपाठ भरल्या होत्या. नवा नमुना सरांनी सांगितलं तसाच करते.

सर, स्टँडर्ड गवताचं काय करू? या पद्धतीचं मूळ स्टँडर्ड, होहेनहाइम विद्यापीठाचं गवत, जर्मनीहून मागवणं माझ्या बजेटमध्ये बसत नाही.

सिरिंज_आणि_थर्मास

जर्मन गवत नसलं तरी चालेल, आपलं गवत करा. पण त्याच्यामागचा विचार समजून घ्या. त्या पद्धतीत प्रत्येक रनमध्ये एक ओळखीचं गवत लावतात. त्या गवताचा ठरलेला आकडा भागिले आज आलेला आकडा, हा झाला त्या दिवसाचा गुणक. तो ०.९ ते १.१ मध्ये असेल तर सगळ्या नमुन्यांना त्याने गुणतात, त्याच्या बाहेर गेला तर तो रनच टाकून देतात. हवेच्या दाबामुळे पडणारा फरक सगळ्या नमुन्यांवर सारख्याच प्रमाणात पडतो, म्हणून गुणकाने तो निघून जातो. लिकर थोडं कमजोर असेल तर तेही बऱ्याच अंशी सावरतं. पण तुमच्यासारखं झालं असेल, स्टार्च ठीक आणि रेशा मंद, तर एकट्या गवताच्या गुणकाने मका उगीच वर चढेल. म्हणून दोन स्टँडर्ड ठेवा, एक रेशाचं आणि एक स्टार्चचं. रेशासाठी तणस घ्या, विदर्भात ते कमी पडणार नाही. स्टार्चसाठी मक्याचा भरडा.

दोन्ही एकदाच भरपूर दळा, मिसळा, ६० अंशांवर वाळवा. १०५ वर वाळवू नका, त्या उष्णतेत प्रोटीन आणि साखर एकमेकांना चिकटतात आणि मग पचत नाहीत. ड्राय मॅटर काढण्यासाठी थोडा वेगळा भाग १०५ वर ठेवा. बाकीचं छोट्या घट्ट झाकणाच्या बाटल्यांत, सिलिका जेलच्या पुडीसह. एक बाटली उघडली की संपेपर्यंत तीच वापरायची. त्यातल्या काही त्या दुसऱ्या लॅबला द्या, आणि शक्य असेल तर आणखी चार-पाच लॅबना पत्र लिहा. पशुवैद्यकीय महाविद्यालयं, कृषी विद्यापीठं, बेंगळुरूची राष्ट्रीय पशुपोषण संस्था, झाशीची चारा संशोधन संस्था, कर्नालची डेअरी संस्था, या सगळीकडे पशुपोषणाचं काम चालतं. विद्यार्थ्याने सरळ पत्र लिहिलं तर मदत करणारी माणसं असतात, माझा तरी अनुभव तसाच आहे.

पद्धत सारखी करून सगळं सुटेल असं मात्र धरून चालू नका. सिरिंज, बफर, वेळ सगळं जुळवलं तरी जनावरं वेगळी राहणारच. म्हणून शेतकऱ्यांच्या तक्त्यात नुसते मिली छापू नका. तणसाला शंभर धरा आणि प्रत्येक चारा तणसाच्या तुलनेत किती तो आकडा द्या. तुमच्याच रिपोर्टवर करून बघा: कुटार तुमच्याकडे २८ भागिले २२, म्हणजे १२७. त्यांच्याकडे ३६ भागिले ३०, म्हणजे १२०. ८ मिलीचं अंतर केवढं आटलं बघा. क्रम तर दोन्हीकडे एकच आहे, आधी मका, मग कुटार, मग तणस. त्याखाली लिकर कुठल्या जनावराचं, कोणत्या महिन्यातलं, किती रनचं, हे एका ओळीत लिहा.

बुटीबोरी_क्यूसी

सर, तणसाला शंभर धरलं तर तणसाच्या रीडिंगमधली चूक सगळ्या तक्त्यात जाईल ना?

सिरिंज_आणि_थर्मास

जाईल, बरोबर बोललात. म्हणून स्टँडर्डच्या सिरिंज तीनऐवजी सहा लावायच्या, तीन रॅकच्या सुरुवातीला आणि तीन शेवटी. भरता भरता लिकर थंड होत गेलं असेल तर पहिल्या तिघी आणि शेवटच्या तिघी यांच्यातल्या फरकात तेही दिसतं. ब्लँकचंही तसंच करा.

ताई, नवा नमुना घ्याल तेव्हा कुटार कोणत्या वाणाचं, आणि मळणी थ्रेशरवर झाली की हार्वेस्टरने, तेही वहीत लिहून ठेवा. आणि कत्तलखान्यातून आणताना या वेळी थरातला चाराही थोडा घ्या, तिथेच पिळा. पहिला रन झाला की ब्लँकचे आकडे इथे टाका, मला बघायचे आहेत.